गोव्यातल्या वाड्यावर घरचा सर्व्हर उभा करताना

सेल्फ-होस्टिंगचा, म्हणजे फोटो-कागद मोठ्या कंपनीकडे न ठेवता घरच्या चोवीस तास चालू संगणकावर (सर्व्हरवर) ठेवण्याचा, प्रचार करणारी बहुतेक मंडळी सुरुवात खासगीपणापासून करतात, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष तिथेच उडतं. मोठ्या कंपन्या आपली माहिती वापरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यामुळे कोणाचं काही अडत नाही. अडतं ते फोनवर ‘स्टोरेज भरलं’ अशी सूचना आली की. गुगल फोटोजची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ला संपली. तेव्हापासून मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबीत भागवावं लागतं, आणि चवथीच्या आरत्यांचे व्हिडिओच त्यातला मोठा घास घेतात. माणूस ऐकून घ्यायला तयार होतो तो नेमका तेव्हा. त्याला तेव्हा भाषण देऊ नका, चालणारी गोष्ट दाखवा.

प्रत्येकाने आपापला सर्व्हर चालवावा हा आग्रहही मला पटत नाही. बहुतेकांना ते जमायचं नाही, आणि जमलं तरी दोन पावसाळ्यांत कंटाळा येईल. पूर्वी वाड्यावर प्रत्येकाच्या परसात विहीर नसायची. एक चांगली असायची आणि तिची निगा राखणारं एक घर असायचं. सर्व्हरचंही तसंच जमवावं, चार-पाच घरांमागे एक. पुढचं सगळं त्या निगा राखणाऱ्या माणसासाठी आहे. तो इंजिनिअर असायला हवा असं नाही, पण स्क्रीनवर एरर आला की खिडकी बंद न करता तो वाचणारा हवा.

मशीन

नवं काही घेऊ नका. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशीनं ऑफिसांतून बाहेर पडतायत. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टमला त्यांच्या वयाशी देणंघेणं नाही. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्हो थिंकसेंटर टायनी, एचपी एलिटडेस्क मिनी या नावांनी जुन्या बाजारात शोधा. जाड पुस्तकाएवढा डबा, आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम असली की काम भागतं, १६ असली तर उत्तम. रिकामं बसलेलं असताना असं मशीन साधारण १० ते १५ वॅट घेतं. १५ धरले तरी महिन्याचे ११ युनिट होत नाहीत. आपल्या बिलावरच्या दराने गुणून घरच्यांना आधीच आकडा सांगून टाका, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक अनेकांच्या घरी पडून असतो. शिकायला ठीक आहे, पण मेमरी कार्डावर चालणारा पाय आणि आपल्याकडची वीज यांचं जमत नाही. सतत लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्ड खराब व्हायला वेळ लागत नाही. पाय वापरायचाच तर त्याला एसएसडी, म्हणजे चिपची वेगवान डिस्क, जोडा. जुना लॅपटॉपही चालतो, त्यात बॅटरी आयती असते. मात्र चोवीस तास पूर्ण चार्ज राहिलेली बॅटरी फुगू शकते, तेव्हा बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सोय असेल तर चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर आणा.

सिस्टमसाठी छोटी एसएसडी आणि फोटोंसाठी वेगळी मोठी डिस्क असे दोन भाग ठेवा. बॅकअपसाठी आणखी दोन डिस्का लागतील, त्यांचे पैसे आजच हिशेबात धरा. ते बाजूला काढायची तयारी नसेल तर हा उद्योग सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागा, वीज आणि पाऊस

परदेशी मार्गदर्शक लेखांत हा भाग सापडत नाही, आणि गोव्यात सर्व्हर मरतात ते बहुधा याच कारणांनी.

राउटरच्या शेजारी ठेवा आणि लॅन केबलने जोडा. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय दोन खोल्यांपलीकडे जेमतेम पोचतं. बंद कपाटात नको, पावसात घाम फुटणाऱ्या भिंतीला टेकून नको, आणि बाल्कांववर, म्हणजे दारापुढच्या बैठकीवर, तर मुळीच नको. समुद्राजवळ घर असेल तर खारा वारा थेट येईल अशा खिडकीपासून लांब. पावसाळ्यात मशीन बंद करून ठेवायचा मोह टाळा. चालू मशीन जरा ऊबदार राहतं, त्यामुळे आत दमट साचत नाही. जुलैभर बंद पडलेल्या डब्यात मात्र बुरशी आणि गंज दोन्ही येतात. बॅकअपच्या ज्या डिस्का वापरात नसतात त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

माडाची चुडती तारेवर पडली की वीज जाते, येते, पुन्हा जाते. मशीनला खरा त्रास होतो तो या ये-जा करण्याने. एक साधा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या आणि त्यावर मशीन, राउटर आणि फायबरचा डबा, तिन्ही जोडा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे ना ते बघा. साध्या मोडवर वीज बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात पंख्याला काही होत नाही, संगणक मात्र रीस्टार्ट होतो. मग बायॉसमध्ये जाऊन ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ हा पर्याय ‘पॉवर ऑन’वर ठेवा. आता एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून बघा. यूपीएस किती वेळ टिकतो, वीज परत आल्यावर मशीन आपणहून उठतं का, सेवा आपणहून सुरू होतात का? ही चाचणी मे महिन्यातच करून घ्या. मान्सूनपूर्व दुरुस्तीसाठी वीज खातं तसाही त्या दिवसांत पुरवठा बंद ठेवतं.

गडगडाट मोठा असतो तो मान्सूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण त्या डब्याचा ॲडॉप्टर सॉकेटात असतो आणि तिथून लॅन केबलमार्गे झटका सर्व्हरपर्यंत पोचू शकतो. आकाश जवळ फुटायला लागलं की प्लग काढा, यूपीएसचासुद्धा. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतं असतं आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की तेही काम करेनासं होतं. वायरमन घरी आलाच आहे तर ते मोजून घ्या.

सिस्टम आणि पहिली सेवा

लिनक्सचाच एक प्रकार असलेलं डेबियन घाला. सध्याची आवृत्ती १३ आहे, तिचं नाव ट्रिक्सी. दुसऱ्या संगणकावर तिची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर चढवा. इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची खूण काढा आणि एसएसएच सर्व्हरची ठेवा. नंतर मशीनला स्क्रीन-कीबोर्ड लागत नाही, लॅपटॉपवरून आत जाता येतं. राउटरच्या पानावर जाऊन या मशीनला घरातला एक ठरावीक आयपी, म्हणजे जाळ्यावरचा पत्ता, बांधून द्या. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप चढाव्यात म्हणून ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ चालू करा. एसएसएचला पासवर्डऐवजी ‘की’ (किल्लीचं काम करणारी फाइल) वापरा आणि पासवर्डचा दरवाजा बंद करा. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही अशी करण्याचा, सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्याकडे मात्र तसं केलं तर वीज येईल आणि मशीन पासवर्डची वाट बघत बसेल, तुम्ही पणजीत ऑफिसला. मी सिस्टमची डिस्क उघडी ठेवतो आणि घराबाहेर जाणारी प्रत एन्क्रिप्ट करतो.

काळ्या पडद्याची धास्ती असेल तर युनोहोस्ट बघा. तेही डेबियनवरच उभं आहे आणि ब्राउझरमध्ये बटणं दाबून चालतं. ज्यांना थोडं हात घालायला आवडतं त्यांनी डॉकर घ्यावं. प्रत्येक सेवा वेगळ्या कप्प्यात राहते आणि तिची सगळी मांडणी एका छोट्या कंपोज फाइलमध्ये असते. एक खाच लक्षात असू द्या. डॉकरने उघडलेली पोर्टं (जोडणीचे दरवाजे) यूएफडब्ल्यू या फायरवॉलला वळसा घालतात, त्यामुळे ‘बंद आहे’ असं तिथे दिसलं तरी ती बंद असतीलच असं नाही.

पहिली सेवा फोटोंचीच. इमिच नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते वापरायला जवळजवळ गुगल फोटोजसारखंच आहे, चेहरे ओळखतं, नकाशावर फोटो दाखवतं, फोनमधून आपोआप उचलून घेतं. त्यांच्या संकेतस्थळावर कंपोज फाइल तयार मिळते. तुम्ही बदलायच्या गोष्टी तीन. फोटो कुठे साठवायचे तो मार्ग मोठ्या डिस्कवर द्या, डेटाबेस एसएसडीवर ठेवा, त्याचा पासवर्ड बदला. सुरू झाल्यावर ब्राउझरमध्ये मशीनच्या आयपीपुढे २२८३ हे पोर्ट टाकलं की पान उघडतं. पहिलं खातं उघडणारा आपोआप ॲडमिन होतो, तेव्हा ते लगेच उघडा.

पुढे जाण्याआधी ॲडमिनच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज टेम्प्लेट’ चालू करा. मग फोटो वर्ष-महिन्याच्या साध्या फोल्डरांत बसतात. उद्या इमिच बंद पडलं किंवा तुम्हाला नकोसं झालं तरी डिस्क कुठल्याही संगणकाला लावून फोटो बघता येतील. कुठलीही सेवा निवडताना मी आधी हेच बघतो, की बाहेर पडायची वाट आहे का.

जुने फोटो गुगलमधून आणायचे तर ‘टेकआउट’ वापरून सगळं मागवा. झिप फायली येतात आणि तारखा बऱ्याचदा वेगळ्या जेसन फायलींत असतात. नुसते फोटो कॉपी केले तर १९९८च्या लग्नाचा स्कॅन आजच्या तारखेला जाऊन बसतो. इमिच-गो हे छोटं साधन त्या तारखा जुळवून फोटो चढवतं. जुन्या प्रोसेसरवर चेहरे ओळखण्याचं काम दोन-तीन दिवसही चालेल आणि पंखा ओरडेल. चालू द्या.

घराबाहेरून पोचायचं कसं

घरात सगळं छान चालतं, आणि मडगावच्या बाजारात उभं राहून फोटो उघडला की काहीच नाही. बहुतेक लोक इथे हात टेकतात. आधी आपली परिस्थिती तपासा. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि राउटरमध्ये कितीही पोर्टं उघडली तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. पत्ता १० किंवा १९२.१६८ने सुरू होत असेल तरी वरती आणखी एक नॅट, म्हणजे पत्ता वाटून देणारा टप्पा, आहे असं समजा. स्थिर आयपी जादा पैसे भरून मिळतो, पण घरगुती कामाला त्याची गरज नाही.

सर्वांत सोपी वाट टेलस्केल. हा प्रोग्राम वायरगार्ड या खासगी बोगद्याच्या तंत्रावर चालतो, सर्व्हरवर आणि फोनवर दोन्हीकडे घालायचं, एकाच खात्याने आत शिरायचं, झालं. सीजीनॅट आडवा येत नाही, राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावं लागत नाही, आणि बाहेरच्या जगाला तुमचा सर्व्हर दिसतच नाही. घरगुती वापर फुकट योजनेत भागतो. यात जोडणी जुळवून देणारा सर्व्हर त्या कंपनीचा असतो, तुमचा मजकूर मात्र एन्क्रिप्ट होऊनच जातो. तेवढंही परावलंबन नको असेल तर हेडस्केल हा स्वतः चालवायचा पर्याय आहे. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

चार-पाच घरांच्या प्रत्येक फोनवर टेलस्केल घालून ते चालू राहतंय ना बघत बसणं दमवणारं आहे. तशी वेळ आली की मुंबईतल्या डेटासेंटरमधला छोटा व्हीपीएस (कंपनीच्या मशीनवरचा वाटा) भाड्याने घ्या, घरचा सर्व्हर वायरगार्डने त्याला जोडा, आणि एक डोमेन (संकेतस्थळाचं नाव) घेऊन ते व्हीपीएसकडे वळवा. डेटा घरीच राहतो, व्हीपीएस फक्त वाट दाखवतो. एचटीटीपीएसचं, म्हणजे वाटेत मजकूर कोणाला वाचता येऊ नये यासाठीचं, प्रमाणपत्र घरच्या मशीनवर, कॅडी नावाच्या प्रोग्रामकरवी घ्या आणि व्हीपीएसवरून नुसती रहदारी पुढे ढकला. मग तिथल्या कोणाला मजकूर वाचता येणार नाही. या मार्गाने सर्व्हर जगासमोर येतो, म्हणून पासवर्ड लांब हवेत, दोन टप्प्यांचं लॉगिन मिळेल तिथे चालू हवं आणि अपडेट वेळेवर हवेत.

बॅकअप

३-२-१ हा नियम जुना आणि पुरेसा आहे. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, एक प्रत घराबाहेर. सर्व्हरवरची पहिली. दुसरी यूएसबीच्या डिस्कवर, रोज रात्री रेस्टिक या प्रोग्रामने. तो प्रत एन्क्रिप्ट करतो, फक्त बदललेलं उचलतो आणि जुन्या तारखेकडे परत जाता येतं. तिसरी डिस्क दुसऱ्या गावी. फोंड्याला राहत असाल तर साखळीच्या बहिणीकडे, नाहीतर बेळगावला आतेकडे. तिच्या राउटरला जोडलेल्या छोट्या मशीनवर रात्री आपोआप प्रत जाईल अशी सोय झाली तर फारच छान. नाही तर दोन डिस्का आलटून-पालटून न्या. देवाच्या कार्याला, जत्रेला जाणं होतंच.

दोन आरशा-डिस्का लावल्या म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. एका डिस्कवर चुकून खोडलं की दुसरीवर त्याच क्षणी खोडलं जातं. डेटाबेसचं फोल्डर चालू स्थितीत कॉपी करणंही भरवशाचं नाही. इमिच रोज रात्री डेटाबेसची वेगळी प्रत काढून फोटोंच्या शेजारच्या फोल्डरात ठेवतं, ती प्रत बॅकअपमध्ये येते आहे याची खात्री करा.

आणि परत काढून बघा. महिन्यातून एकदा वेगवेगळ्या वर्षांचे पाच फोटो बॅकअपमधून लॅपटॉपवर उतरवून उघडा. वर्षातून एकदा सगळं इमिच दुसऱ्या मशीनवर बॅकअपमधून उभं करा. हे होईपर्यंत कोणालाही ‘गुगलवरून काढून टाक’ असं म्हणू नका.

दुसऱ्या घराला जोडताना

आता मामीचा फोन. तो हातात घेऊन तुम्हीच सगळं करून द्यायचं नाही, तिच्याकडून करून घ्यायचं. ॲप घालणं, पत्ता टाकणं, लॉगिन, मग बॅकअपसाठी अल्बम निवडणं. इथे थांबा. कॅमेऱ्याचा अल्बम घ्या, व्हॉट्सॲपचा घेऊ नका, नाहीतर सुप्रभातची फुलं तुमच्या डिस्कवर जन्मभर राहतील. मग फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपसाठी बॅटरीची बचत ‘निर्बंध नाही’ करा आणि ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं काही असेल तर चालू करा. हे राहिलं तर फोन ॲपला झोपवतो आणि तीन आठवड्यांनी मामी म्हणते, तुझं ते चालत नाही रे. आयफोनवर पार्श्वभूमीत फार चालू दिलं जात नाही, म्हणून रात्री चार्जिंगला लावताना ॲप एकदा उघडायची सवय लावा. पहिला मोठा भरणा तुमच्याच घरी, तुमच्या वायफायवर करून घ्या. चहा होईल.

त्या बैठकीत एक गोष्ट तोंडावर सांगायला हवी. इमिचमध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्याने मनात आणलं तर इतरांचे फोटो त्याला बघता येतात. एका कुटुंबात चालून जातं, शेजारच्या सुनेला चालेलच असं नाही. अशा ठिकाणी एन्टे बघा. त्यात फोटो फोनमधून निघण्याआधीच एन्क्रिप्ट होतात आणि तुमच्या डिस्कवर नुसता गोंधळ पडतो. उभारायला ते जास्त किचकट आहे, आणि पासवर्ड व रिकव्हरी की दोन्ही हरवल्या तर फोटो कोणालाच परत मिळत नाहीत. कीचा कागद प्रत्येकाने आपापल्या घरी ठेवावा.

पैशाचंही सुरुवातीलाच बोला. डिस्क, वीज, व्हीपीएस यांचा वर्षाचा खर्च घरांत वाटून घ्या. फुकट दिलेल्या सेवेबद्दल तक्रार करायला लोक संकोचतात आणि मग न सांगता सोडून जातात. देवस्थान, भजनी मंडळ किंवा नाट्यसंस्थेसाठी सभासदांची माहिती ठेवणार असाल तर २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचून घ्या. स्वतःच्या घरगुती वापराला त्यात सूट आहे, संस्थेला ती सूट लागू नाही.

पुढे काय, आणि काय नको

फोटो एक पावसाळा नीट टिकले की दुसरी सेवा घ्या. गोव्यातल्या घराला माझ्या मते पेपरलेस-एनजीएक्स सगळ्यांत उपयोगी पडेल. घरपट्टीच्या पावत्या, फॉर्म एक व चौदा (जमिनीचा उतारा), विजेची बिलं, आजोबांच्या वेळची पोर्तुगीज कागदपत्रं, सगळं स्कॅन करून त्यात टाकायचं. ते अक्षरं वाचून शोधण्याजोगं करतं. वाचण्याचं काम टेसरॅक्ट करतं, आणि त्यात मराठी, पोर्तुगीज, इंग्रजी तिन्ही भाषा एकदम लावता येतात. छापील आणि टाइप केलेलं बऱ्यापैकी वाचतं, हाताने लिहिलेली पोर्तुगीज खतं वाचेल अशी आशा धरू नका. मूळ कागद अर्थातच जपून ठेवायचे.

पासवर्डांसाठी व्हॉल्टवॉर्डन चांगलं. सर्व्हर बंद असला तरी फोनवरची प्रत उघडते. भजनाच्या आणि नाटकांच्या ध्वनिफिती डिजिटल केल्या असतील तर जेलीफिन. गावच्या शाळेला किंवा वाचनालयाला किविक्स द्या, मराठी विकिपीडिया नेट नसतानाही उघडतो.

ईमेल स्वतः चालवू नका. घरगुती जोडणीवर पाठवण्याचं पोर्ट बऱ्याचदा बंद असतं, आणि गेलीच तर पत्रं स्पॅममध्ये जातात. जाहिराती रोखणारं पाय-होल आवडतं मलाही, पण ते पडलं की अख्ख्या घराचं नेट पडतं आणि मुलाची परीक्षा नेमकी त्याच दिवशी ऑनलाइन असते. व्हॉट्सॲपला पर्याय म्हणून मॅट्रिक्स उभारलंत तर तिथे तुम्ही एकटेच बसाल.

दुसरा माणूस

इमिचचं अपडेट आपोआप चढू देऊ नका. कंपोजमध्ये आवृत्तीचा आकडा बांधून ठेवा, बदलांची टिपणं वाचा, बॅकअप झाल्याची खात्री करा आणि मगच आकडा बदला. महिन्यातला एक रविवार ठरवून घ्या, तासाभराचं काम आहे. त्या रविवारी दुसऱ्या कोणालातरी शेजारी बसवा. भाचा असो, फर्मागुढीच्या कॉलेजात शिकणारी शेजारची मुलगी असो. तिसऱ्या वेळी कीबोर्ड त्याच्या किंवा तिच्या हातात द्या.

दोन पानांचा कागद मराठीत लिहून छापा. मशीन कुठे आहे, बंद-चालू कसं करायचं, डोमेन आणि व्हीपीएसचं नूतनीकरण कधी, बॅकअपच्या डिस्का कोणाकडे, रेस्टिकचा पासवर्ड काय. हा शेवटचा हरवला तर ती बॅकअपची डिस्क म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. एक प्रत घरच्या कागदपत्रांच्या कपाटात बंद पाकिटात, एक त्या दुसऱ्या माणसाकडे. काही बदललं की पाकीट फोडून कागद नवा घालायचा आणि वर तारीख टाकायची. तुम्ही आठ दिवस काशीला गेलात आणि सर्व्हर पडला, तर तो त्याच कागदावरून उभा राहतो का, हे जाण्याआधी एकदा त्या माणसाकडून करवून घ्या. तुम्ही बाजूला बसा, काही सांगू नका. जिथे तो अडेल तिथे कागदात एक ओळ कमी आहे.